सी भाषेत ठरलेल्या मापाचा टू-डी ॲरे ट्रान्सपोज करताना: नवख्यांसाठी, पायरीपायरीने

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज, म्हणजे रोचे कॉलम आणि कॉलमच्या रो करणं, जवळजवळ सगळ्यांच्याच वाट्याला येतो. माझा ३ × ३ चा प्रोग्रॅम पहिल्याच प्रयत्नात कम्पाइल झाला, चालला, आणि मी दिलेलंच मॅट्रिक्स जसंच्या तसं परत छापून मोकळा झाला. एरर नाही, वॉर्निंग नाही. पुढे ३ × ४ करायला घेतला तेव्हा पहिल्या तीन रो अचूक आल्या आणि चौथीत भलतेच आकडे. दोन्ही वेळा मी लूपच खालीवर करत बसले आणि दोन्ही वेळा अख्खी दुपार गेली.

तेव्हा मला कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं: सी भाषेत ॲरेचं माप हा त्याच्या टाइपचाच भाग असतो. इंट [३][४] आणि इंट [४][३] या दोन्हींत बाराच इंट मावतात, तरी सीच्या दृष्टीने ते दोन वेगळे टाइप आहेत. ट्रान्सपोज करणं म्हणजे एका टाइपातून दुसऱ्या टाइपात जाणं. हे एकदा पक्कं बसलं की खालचे बहुतेक सापळे तुम्हाला दुरूनच दिसतील.

कोडच्या ओळी मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. मशिनवर टाइप करताना त्या नेहमीसारख्या इंग्रजी अक्षरांत लिहायच्या.

काय काय लागेल

- जीसीसी किंवा क्लँग कम्पायलर. लिनक्सवर सहज मिळतो, विंडोजवर मिनजीडब्ल्यूमार्फत घेता येतो. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या ॲपमध्ये क्लँग टाकून हे सगळं करता येतं.
- कम्पाइल करताना ‘वॉल’ आणि ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ हे वॉर्निंगचे दोन पर्याय, आणि ‘एफ-सॅनिटाइझ’ला (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारा सॅनिटायझर) ॲड्रेस व अनडिफाइन्ड या दोन किमती. हे वापरलेत तर माझ्या दुपारी गेल्या तशा तुमच्या जाणार नाहीत.
- चौकटीची वही आणि पेन्सिल.

लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कम्पायलर असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिथे इंट २ बाइटचा असतो, ४ चा नाही. आणि सी मोडमध्ये फॉरच्या कंसात व्हेरिएबल घोषित करता येत नाही, ते ब्लॉकच्या सुरुवातीलाच करावं लागतं. घरी मात्र आजचा कम्पायलर वापरा, कारण खाली सांगितलेले तपासणीचे पर्याय टर्बो सीमध्ये नाहीत.

१. आधी विचारा: आकडे खरंच हलवायचे आहेत का?

समजा गावच्या दूध संकलन केंद्रावर ३ सभासद आहेत आणि दोन दिवसांच्या सकाळ-संध्याकाळ मिळून ४ पाळ्या. रो म्हणजे सभासद, कॉलम म्हणजे पाळी, आत लिटर. आता तुम्हाला पाळीवार यादी छापायची आहे. त्यासाठी ट्रान्सपोज करायची काहीच गरज नाही. बाहेरचं लूप कॉलमचं, आतलं रोचं, आणि छापायचं मूळ[आय][जे] (आय हा रोचा क्रमांक, जे कॉलमचा). संपलं.

नवा ॲरे तेव्हाच बनवा जेव्हा ट्रान्सपोज झालेली माहिती पुढे दुसऱ्या फंक्शनला द्यायची असेल, तिच्यावर वारंवार काम करायचं असेल, किंवा प्रश्नातच तसं मागितलं असेल. प्रश्नात ‘ट्रान्सपोज छापा’ आहे की ‘ट्रान्सपोज करून साठवा’ हे नीट वाचा.

२. मापांना नावं द्या

३ आणि ४ हे आकडे कोडभर पसरू देऊ नका. हॅश-डिफाइनने दोन नावं करा:

    #डिफाइन रो ३
    #डिफाइन कॉलम ४

    इंट मूळ[रो][कॉलम];
    इंट उलटा[कॉलम][रो];

दुसऱ्या घोषणेत नावांची अदलाबदल झालेली डोळ्यांना दिसते, आणि तेच हवं आहे. नुसतं उलटा[४][३] लिहिलं तर चूक पकडणं अवघड जातं.

इथे नेहमी होणाऱ्या चुका दोन. एक, डिफाइनच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम किंवा मध्ये बरोबरचं चिन्ह टाकणं. प्रीप्रोसेसर तेही जसंच्या तसं चिकटवतो आणि एरर भलत्याच ओळीवर दिसते. दोन, डिफाइनऐवजी ‘कॉन्स्ट इंट रो = ३’ लिहून फंक्शनच्या बाहेर ॲरे घोषित करणं. सी++ मध्ये ते चालतं. सीमध्ये कॉन्स्ट इंट ही नुसती न बदलणारी व्हेरिएबल असते, कम्पायलरच्या लेखी स्थिरांक नव्हे, म्हणून ग्लोबल ॲरेला ती चालत नाही. डिफाइन आवडत नसेल तर ईनम वापरा.

३. मेमरी कशी दिसते ते वहीत काढा

ही पायरी वगळू नका. सीमध्ये टू-डी ॲरे ही प्रत्यक्षात एकच लांब ओळ असते: पहिली रो, तिला खेटून दुसरी, तिला खेटून तिसरी. मूळ[आय][जे] म्हणजे या ओळीतलं आय × ४ + जे क्रमांकाचं घर (मोजणी शून्यापासून). बारा घरं, प्रत्येकी ४ बाइट, एकूण ४८ बाइट.

यातला ४ म्हणजे कॉलमची संख्या. रोची संख्या सूत्रात कुठेच येत नाही. म्हणूनच ॲरेला सुरुवातीची मूल्यं देताना किंवा फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये पहिला कंस रिकामा चालतो, दुसरा चालत नाही. हा नियम मी पाठ करून परीक्षा दिली होती. सूत्र वहीत मांडल्यावर पाठांतराची गरजच उरली नाही.

फोर्ट्रानमध्ये हे नेमकं उलट असतं, तिथे कॉलम सलग साठवतात. त्यामुळे सीचा ॲरे फोर्ट्रानच्या फंक्शनला दिला की त्याला तो आपोआप ट्रान्सपोज झालेला दिसतो. गणिताच्या जुन्या लायब्ररी वापरायची वेळ आली की हे आठवेल.

४. वेगळ्या ॲरेत ट्रान्सपोज

    फॉर (इंट आय = ०; आय < रो; आय++)
        फॉर (इंट जे = ०; जे < कॉलम; जे++)
            उलटा[जे][आय] = मूळ[आय][जे];

नियम असा धरा: लूप मूळ ॲरेच्या मापांवर चालवा आणि आय-जेची अदलाबदल डाव्या बाजूला करा. लूप उलट्याच्या मापांवर आणि अदलाबदल उजवीकडे, असंही चालतं. दोन्हींची सरमिसळ केली की घात होतो. माझ्या चौथ्या रोचं नेमकं हेच झालं होतं. लूप ३ आणि ४ चे, आणि आत

    उलटा[आय][जे] = मूळ[जे][आय];

वहीतल्या ओळीवर हे चालवून पाहा. उलट्याच्या एका रोमध्ये तीनच घरं. उलटा[०][३] लिहिलं की सूत्राने ते ० × ३ + ३, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या घरात जातं, आणि ते घर आहे उलटा[१][०] चं. तिथे कचरा पडतो, कारण मूळ[३][०] अस्तित्वातच नाही. पण पुढच्याच फेरीत त्या घरावर बरोबर आकडा लिहिला जातो आणि कचरा पुसला जातो. असं करत करत पहिल्या तीन रो दुरुस्त होतात. शेवटच्या रोला दुरुस्त करणारी फेरी उरत नाही, म्हणून तिच्या पहिल्या घरात कचरा राहतो आणि बाकीची दोन घरं कधी भरलीच जात नाहीत. सीच्या नियमांनुसार हे अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, त्यामुळे तुमच्या मशिनवर वेगळंही काही दिसू शकेल. पण ‘बरंचसं बरोबर, शेवटी गडबड’ असं चित्र दिसलं तर आधी इथेच पाहा.

५. चौरस असेल तर जागच्या जागी

३ × ३ किंवा ४ × ४ ला दुसरा ॲरे लागत नाही, कारण ट्रान्सपोजनंतरही टाइप तोच राहतो. कर्णाच्या वरचा प्रत्येक आकडा खालच्या जोडीदाराशी बदलायचा:

    फॉर (इंट आय = ०; आय < माप; आय++)
        फॉर (इंट जे = आय + १; जे < माप; जे++) {
            इंट हात = म[आय][जे];
            म[आय][जे] = म[जे][आय];
            म[जे][आय] = हात;
        }

सगळी मेख ‘जे = आय + १’ मध्ये आहे. जे शून्यापासून सुरू केलं की प्रत्येक जोडी दोनदा बदलते आणि मॅट्रिक्स मूळ पदावर येतं. माझा पहिला प्रोग्रॅम तसाच होता. अदलाबदली किती व्हायला हव्यात ते मोजून पाहा: ३ × ३ ला ३, ४ × ४ ला ६. लूपमध्ये एक मोजणी ठेवून ती छापा, ३ ऐवजी ९ किंवा ६ ऐवजी १६ आली की कारण कळलं.

जे = आय पासून सुरू केलं तर? वरच्या कोडमध्ये फक्त वाया जाणारं काम, उत्तर बरोबरच येतं. पण तिसऱ्या व्हेरिएबलशिवाय, बेरीज-वजाबाकी किंवा एक्सॉर करून स्वॅप केलं असेल, तर कर्णावरचा आकडा स्वतःशीच बदलायला जातो आणि शून्य होतो. अख्खा कर्ण शून्यांचा दिसला तर हेच कारण. तसंही तिसरं व्हेरिएबल वापरण्यात काहीच कमीपणा नाही. कम्पायलर ते रजिस्टरमध्येच ठेवतो.

आयताकृती ॲरे जागच्या जागी करायचा मोह आवरा. घोषित केलेला टाइप [३][४] चा [४][३] होऊ शकत नाही. अगदीच मेमरीची चणचण असेल तर तो एक सलग ओळ म्हणून धरतात. क्रमांक क वरचा आकडा क × रो या ठिकाणी जातो, आणि तो गुणाकार एकूण घरं वजा एक या संख्येने भागून बाकी घ्यायची. २ × ३ ला १ वरचा आकडा २ वर जातो, २ वरचा ४ वर, ४ वरचा ३ वर, ३ वरचा पुन्हा १ वर. पहिलं आणि शेवटचं घर हलत नाही. सुंदर गणित आहे, वहीत करून पाहाच. पण कोणत्या फेऱ्या झाल्या याचा हिशेब कोडमध्ये ठेवावा लागतो. सुरुवातीला दुसरा ॲरे घेणंच शहाणपणाचं.

६. फंक्शनला देताना

सर्वांत जास्त मुलं अडकतात ती इथे, म्हणून थोडं सावकाश.

ॲरे फंक्शनला दिला की त्याची प्रत जात नाही, पहिल्या रोचा पत्ता जातो. पॅरामीटरमध्ये ‘इंट म[३][४]’ लिहिलं तरी कम्पायलर त्याचा अर्थ ‘चार इंटांच्या रोकडे बोट दाखवणारा पॉइंटर’ असाच घेतो. पहिल्या ३ कडे तो दुर्लक्ष करतो. यातून तीन सापळे निघतात.

पहिला, साइझऑफचा. फंक्शनबाहेर साइझऑफ म भागिले साइझऑफ म[०] केलं की ४८ भागिले १६, म्हणजे ३ रो मिळतात. हीच ओळ फंक्शनच्या आत नेली की ६४-बिट मशिनवर पॉइंटरचे ८ भागिले १६, उत्तर शून्य. लूप एकदाही फिरत नाही आणि उलटा ॲरे जसा होता तसाच राहतो. कम्पायलर इथे बहुधा वॉर्निंग देतो, ती वाचा. मापं डिफाइनमधून घ्या किंवा वेगळी पाठवा.

दुसरा, ‘इंट **म’. टू-डी म्हणजे डबल पॉइंटर, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चूक आहे. डबल पॉइंटरला पत्त्यांची यादी हवी असते. आपल्या ॲरेत पत्ते नाहीत, लिटर आहेत. फंक्शन लिटरच्या आकड्यांनाच पत्ता समजून तिकडे जातं आणि सेगमेंटेशन फॉल्ट येतो. जुने कम्पायलर नुसती वॉर्निंग देत, २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून ही थेट एरर आहे. कास्ट टाकून ती दाबू नका.

तिसरा, कॉन्स्ट. मूळ ॲरे बदलायचा नाही म्हणून पॅरामीटरला कॉन्स्ट लावणं ही चांगली सवय आहे. पण टू-डी ॲरेच्या बाबतीत सी२३ (सी भाषेच्या नियमांची अलीकडची आवृत्ती) च्या आधीच्या नियमांत साधा ॲरे कॉन्स्ट रोच्या पॉइंटरला आपोआप जुळत नसे, त्यामुळे कडक तपासणी चालू असेल तर वॉर्निंग येते. तुमचं काही चुकलेलं नाही. जुन्या नियमांवर काम करत असाल तर तिथला कॉन्स्ट काढून टाका.

एकच फंक्शन वेगवेगळ्या मापांसाठी हवं असेल तर सी९९ पासून ही सोय आहे:

    व्हॉइड ट्रान्सपोज(इंट र, इंट क, इंट म[र][क], इंट उ[क][र])

र आणि क आधी यायला हवेत, ॲरे नंतर. मला ही रचना फार आवडते, कारण [र][क] आणि [क][र] शेजारीशेजारी दिसतात आणि फंक्शन काय करतं ते नावाआधी मापंच सांगतात. मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरमध्ये आणि प्रमाण सी++ मध्ये मात्र हे चालत नाही.

७. उत्तर परत आणताना

सीमधलं फंक्शन ॲरे रिटर्न करू शकत नाही. आत घोषित केलेल्या ॲरेचा पत्ता रिटर्न करणं तर धोक्याचंच, कारण फंक्शन संपलं की ती जागा आपली राहत नाही. कधीकधी आकडे बरोबर छापले जातात आणि आपण निर्धास्त होतो, मग मध्ये एक प्रिंटएफ वाढवला की सगळं बिघडतं.

सरळ मार्ग वरचाच: उलटा ॲरेही पॅरामीटर म्हणून पाठवा. दुसरा मार्ग म्हणजे ॲरे स्ट्रक्टमध्ये गुंडाळणं. स्ट्रक्ट रिटर्न करता येतं, बरोबरच्या चिन्हाने कॉपीही करता येतं, आणि आतला ॲरे सोबत जातो. [३][४] साठी एक स्ट्रक्ट, [४][३] साठी दुसरं. लहान मापांना हे छान. शिवाय चुकीचं स्ट्रक्ट दिलं तर कम्पायलर तिथेच थांबवतो.

एक इशारा: एकच ॲरे मूळ आणि उलटा अशा दोन्ही जागी पाठवू नका. चौथ्या पायरीतलं लूप वाचायच्या आधीच आकडे पुसत जाईल.

८. तपासणी

१ ते ९ भरून तपासू नका. आकडा पाहून तो कुठून आला ते कळायला हवं. मूळ[आय][जे] मध्ये १० × आय + जे भरा:

    ०   १   २   ३
    १०  ११  १२  १३
    २०  २१  २२  २३

ट्रान्सपोजनंतर हे दिसलं पाहिजे:

    ०  १०  २०
    १  ११  २१
    २  १२  २२
    ३  १३  २३

हे आकडे लूपने भरा. हाताने लिहिताना रांग सुबक दिसावी म्हणून ०१, ०२ असं लिहायचा मोह होतो. सीमध्ये शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा असतो, ०१० म्हणजे ८, आणि ०८ लिहिलं तर एररच.

कीबोर्डवरून घेत असाल तर स्कॅनएफमध्ये म[आय][जे] च्या आधी अँडचं चिन्ह आहे ना, ते पाहा.

चौरस मापावर चाललं म्हणून खूश होऊ नका. रो आणि कॉलम कुठे उलटेपालटे झाले असतील तर चौरसात ते दिसतच नाही. ३ × ४, ४ × ३, १ × ५ आणि ५ × १ एवढं तरी चालवा.

आणि सॅनिटायझर दोन्ही लावा, एक पुरत नाही. ॲड्रेसवाला अख्ख्या ॲरेच्या बाहेर गेलात तर पकडतो. उलटा[०][३] तर ॲरेच्या आतच पडतो, त्यामुळे तो गप्प राहतो. अनडिफाइन्डवाला मात्र ‘तीनच घरांच्या रोमध्ये इंडेक्स ३’ अशी तक्रार ओळ क्रमांकासह करतो.

९. माप मोठं झालं की

१०२४ × १०२४ इंटांचा एक ॲरे ४ एमबीचा होतो. लिनक्सवर स्टॅक (फंक्शनमधली व्हेरिएबल ठेवायची जागा) साधारण ८ एमबी असतो, विंडोजवर १ एमबी. मेनमध्ये असे दोन ॲरे घोषित केले की प्रोग्रॅम पहिली ओळ छापण्याआधीच बंद पडतो. घोषणेपुढे स्टॅटिक लावा किंवा ॲरे ग्लोबल करा.

दुसरी गोष्ट वेगाची. मूळ वाचताना आपण सलग घरांतून जातो, पण उलट्यात लिहिताना दर वेळी ४०९६ बाइटची उडी पडते. प्रोसेसर मेमरी एकेका इंटाने आणत नाही, साधारण ६४ बाइटचा, म्हणजे १६ इंटांचा तुकडा एकदम कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, आणतो. आपण त्यातलं एक घर वापरून पुढे उडतो आणि परत येईपर्यंत तो तुकडा कॅशमधून गेलेला असतो. लूपांची अदलाबदल करून उपयोग नाही, मग उड्या वाचताना पडतात.

उपाय म्हणजे मॅट्रिक्सचे १६ × १६ चे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन पुरता उलटवून पुढे जायचं. बाहेरची दोन लूप १६-१६ ने पुढे सरकतात, आतली दोन त्या चौकोनात फिरतात. आतल्या लूपना दोन अटी लागतात: चौकोन संपला का, आणि मॅट्रिक्स संपलं का. दुसरी अट विसरली तर १०२४ ला काहीच बिघडत नाही, कारण १०२४ ला १६ ने पूर्ण भाग जातो. म्हणून चौकोनांचा कोड तपासताना १७ × ३३ सारखं अडनिडं मापच घ्या.